आधी अक्षर, मग वेलांटी

"सरळ उघडू नको, चारू. आधी पाठीला हात दे, मग हळूच वर घे," मामाजी म्हणाले.

मी लॅपटॉपच्या पाठीला हात देऊन झाकण उचललं. डावीकडची बिजागरी तुटलेली होती. पडदा एका बाजूला कलला तसा मामाजींनी सवयीने त्याच्यामागे डाळीचा डबा सरकवला. मग चार्जरची वायर जराशी वाकवून तिच्यावर अडकित्ता ठेवला. बॅटरी केव्हाच गेली होती, वायर हलली की खेळ खलास. बटन दाबल्यावर आतून पिठाच्या चक्कीसारखी घरघर सुरू झाली आणि आम्ही दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसून पडदा उजळायची वाट बघत राहिलो.

"येतो," मामाजी म्हणाले. "वेळ घेतो, पण येतो."

दिवाळी नुकतीच झाली होती. वडशात दिवाळी संपली की सुस्ती येत नाही, उलट गावाला जाग येते. धान कापून घरात आलेलं असतं, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक पाहिजेच. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाच्या कंपन्या होळीपर्यंत रोज नव्या गावात उभ्या राहतात आणि त्या साऱ्यांची बिऱ्हाडं वडशात. माझे मामाजी, दामोदर नाकाडे, या कंपन्यांची नाटकं टाइप करून देत. नोकरी तहसील कचेरीत मराठी टंकलेखकाची, म्हणून सारं गाव त्यांना नाकाडे बाबू म्हणायचं. लेखकाच्या हातची गिचमिड संहिता आली की मामाजी तिच्यातून प्रत्येक नटाचं काम वेगळं काढायचे. त्याला नक्कल म्हणतात. नट आपापली नक्कल घेऊन जायचा आणि पाठ करायचा.

लहानपणी माझ्या दिवाळीच्या सुट्ट्या याच घरात गेल्या. आतल्या खोलीत टाइपरायटर वाजायचा आणि मी कागदांच्या मध्ये कार्बन घालून द्यायची. बोटं निळी व्हायची. मामी म्हणायची, हात धुतल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही. ओसरीवर नक्कल न्यायला आलेले नट बसलेले असायचे. स्टेजवर ज्याला बघून मी आईच्या पदराआड लपले होते तो खलनायक सकाळी आमच्या दारात बसून मुकाट्याने पोहे खायचा आणि मामीला विचारायचा, "वहिनी, थोडं निंबू भेटेल का जी?"

पुढे टाइपरायटर गेला. मामाजींचा मुलगा प्रफुल्ल पुण्यात नोकरीला लागला आणि त्याने आपला वापरलेला लॅपटॉप वडिलांना दिला. त्यात एक जुना मराठी फॉन्ट बसवला होता, त्याच्या कळा टाइपरायटरच्याच जागी होत्या. मामाजींना नवं काही शिकावं लागलं नाही. मामी गेली, मामाजी निवृत्त झाले, त्यांना दम्याने धरलं, पण नकला निघत राहिल्या. आता मात्र तो लॅपटॉपच अखेरच्या घटका मोजत होता. आणि मी नागपूरला बँकेच्या कॉम्प्युटर विभागात, म्हणून दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा हे ठरवायला घरच्यांनी मला वडशाला पाठवलं होतं.

पडदा उजळला तेवढ्यात प्रफुल्लचा फोन आला. माझ्या एका हातात पडदा, दुसऱ्यात वायर, म्हणून मी फोन खाटेवर ठेवून स्पीकरवर टाकला.

"ताई, बघितलास का?"

"बघून राहिले. बिजागरी, बॅटरी, पंखा, तिन्हीचं काम आहे."

"मग तेवढं करून घे. नवा घेऊन काय करायचं? बाबांचं वय बघ. परत नवीन शिकवा, परत त्यांची चिडचिड. अजून किती दिवस वापरणार ते?"

मी घाईने फोनकडे झुकले, पण बोलणं होऊन गेलं होतं. मामाजी खाली बसून पोपटीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. हातातली शेंग सोलून झाली, दाणे ताटलीत पडले, त्यांनी दुसरी शेंग घेतली.

"बाबा आहेत का तिथे?" प्रफुल्लने विचारलं.

"आहे," मामाजी म्हणाले. "बरा आहेस ना? थंडी सुरू झाली का पुण्यात?"

प्रफुल्ल वाईट नव्हता. तो आठवड्याला फोन करायचा, औषधं पाठवायचा, दम्याच्या डॉक्टरशी स्वतः बोलायचा. पुण्याला या म्हणून त्याने किती वेळा सांगितलं असेल. मामाजी दरवेळी म्हणायचे, हंगाम होऊ दे. हंगाम झाला की म्हणायचे, आता उन्हाळ्यात कुठे येऊ.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्टेशनजवळच्या भोयरच्या दुकानात नेला. भोयरने तो उलटापालटा करून पाहिला. बिजागरी एका जुन्या मशीनची बसवून देतो म्हणाला, बॅटरी नागपूरहून मागवावी लागेल, पंखा साफ केला की आवाज जाईल. पुढची खात्री द्यायला तो तयार नव्हता.

"वर्ष-दीड वर्ष जाईल, मॅडम. पुढचं मी सांगत नाही. पण बाबूंची बोटं याच्यावर बसलेली आहेत, नव्यावर त्यांना जमणार नाही."

मलाही तसंच वाटलं. मी हो म्हटलं, दुरुस्त करा म्हटलं, आणि काम फत्ते केल्याच्या आनंदात घरी आले. मामाजी ओसरीवर माझी वाट बघत उभे होते.

"होतो दुरुस्त," मी सांगितलं. "परवा देतो म्हणाला."

"हं. दुरुस्त झाल्यावर तो बोलेल का?"

"गाणी वगैरे म्हणता? स्पीकर ठीक आहे त्याचा."

"गाणी नाही." त्यांनी खांबाला हात धरला. "मागच्या दिवाळीत तू सांगत होतीस, तुमच्या बँकेत एक मुलगा आहे, त्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याचा कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवतो. तसा बोलेल का?"

मी चरकले. "मामाजी, डोळ्यांना काही झालंय का तुमच्या?"

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तू सांग, बोलेल का?"

मी खरं ते सांगितलं. जुन्या फॉन्टमध्ये आपल्याला मराठी दिसतं, मशीनला मात्र आत इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ती वाचायला लावली तर काहीच्या बाही बोलेल. वाचून दाखवायला नवीन पद्धतीची मराठी पाहिजे, आणि ती या जुन्या मशीनवर धड चालणार नाही.

मामाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चप्पल काढू नको. चल."

भाताच्या गिरणीमागे दोन खोल्यांचं एक घर होतं. दार उघडं होतं. आम्ही अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून आवाज आला, "या बाबू. सोबत कोण हाय?"

"माझी भाची. चारू. नागपूरची."

दारात आलेल्या बाईला मी ओळखलं. झाडीपट्टीत कौसल्याबाई मेश्रामला कोण ओळखत नाही? माझ्या लहानपणी ती नायिका होती, पुढे वहिनी झाली, मग आई. तिने रडायला सुरुवात केली की मांडवात बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. आता केस पांढरे झाले होते, पण उभं राहणं तेच, ताठ. तिने माझ्याकडे बघून हसून विचारलं, "वंदनाची पोरगी ना तू? आई बरी हाय ना?" आणि ती थेट माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळे पहिली काही मिनिटं मला काहीच समजलं नाही.

तिने चहा केला. चहा ओतताना तिचं बोट कपाच्या कडेला आत टेकलेलं होतं. चहा बोटाला लागला की ती थांबली, दुसरा कप घेतला, पुन्हा बोट टेकवलं. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

मग ते वाचायला लागले. नवीन नाटक होतं, कौसल्याबाईला त्यात एका आईचं काम होतं. मामाजी समोरच्या पात्राचं शेवटचं वाक्य वाचायचे आणि मग तिचं भाषण. चार ओळी वाचल्या की त्यांचा श्वास अडायचा. ते छातीवर हात ठेवून थांबायचे, कौसल्याबाई थांबायची, मग ते पुढे वाचायचे. एक पान संपायला किती वेळ गेला. ते संपल्यावर तिने मांडीवर हात ठेवले आणि सारं पान जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"काचबिंदू म्हणतात," ती मला म्हणाली. "दोन साल झाले. उजेड समजते, समोर माणूस हाय एवढं समजते. बाकी नाही."

"आणि कंपनीत?"

"कंपनीत कोणाले माहीत नाही. स्टेज मले पाठ हाय जी. माइक कोठी, खुर्ची कोठी, किती पावलं चालाचं, सारं पायाले ठाऊक हाय. तालमीत मी नक्कल हातात धरून बसतो अन् पानं उलटवतो. बाबू करून देतात ना नक्कल, तीच." ती हसली, मग गंभीर झाली. "समजलं तर पुढच्या सालापासून कोण बोलावंल? दिसत नाही तिले कोणी स्टेजवर उभं करते का? पडली-झडली त जिम्मा कोणाचा? अन् घरी बसून मी काय करू?"

परत येताना मामाजी गिरणीच्या भिंतीला टेकून श्वास घ्यायला थांबले. धानाचा कोंडा हवेत उडत होता, त्याने त्यांना आणखी खोकला आला. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"प्रफुल्ल खोटं नाही बोलला," पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले. "अजून किती दिवस वापरणार मी? बरोबरच आहे त्याचं. पण मला पाहिजेच कुठे? माझ्या नकलांचं काय, हातानेही लिहून देईन. मी नसलो तर तिला वाचून कोण दाखवेल, सांग. कंपनीतल्या कोणाला सांगता येत नाही. शेजारी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल."

"हे प्रफुल्लला सांगा ना तुम्ही."

"माझी गोष्ट असती तर सांगितली असती. तिची आहे." ते चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आणि काय सांगू? तुझा बाप रोज दुपारी एका नाटकवाल्या बाईच्या घरी दार लावून बसतो, असं?"

मी बाटलीचं झाकण लावलं आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

घरी आल्यावर मी त्यांना एक अडचण सांगितली. नव्या लॅपटॉपवर टाइपरायटरच्या कळा बसवता येतील, पण काही अक्षरांच्या जागा बदलतील. आणि पहिल्या वेलांटीचं उलटं होईल. टाइपरायटरवर आधी वेलांटी मारतात, मग अक्षर. नव्यात आधी अक्षर, मग वेलांटी.

"नेहमी?"

"दरवेळी."

त्यांनी आपली बोटं पुढे धरून पाहिली. कचेरीत परीक्षेला बसले तेव्हापासून त्या बोटांनी आधी वेलांटी दिली होती. त्यांनी कधी मान खाली घालून कळांकडे बघितलेलं मला आठवत नाही. गप्पा मारता मारता टाइप करायचे.

"देऊ मग," ते म्हणाले. "अक्षर आधी देऊ."

भोयरकडचा लॅपटॉप मी दुरुस्त न करताच सोडवून घेतला आणि नंतर त्यालाच सुट्या भागांसाठी देऊन टाकला. प्रफुल्लला फोन करून एवढंच म्हटलं, की नवाच घेऊ. तो म्हणाला, तुम्ही दोघं माझं ऐकणार थोडेच. पुढच्या शनिवारी मी नागपूरहून नवा लॅपटॉप घेऊन आले. बँकेतल्या त्या मुलाने, सलीलने, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतः बसून त्यात घालून दिलं होतं.

आणि मग सुरू झाली मामाजींची शिकवणी. ते एक वाक्य टाइप करायचे आणि मशीनला वाचायला लावायचे. बोटं जुन्या वळणाने आधी वेलांटीवर जायची, मग पुढचं अक्षर, आणि मशीनमधली बाई असं काही वाकडंतिकडं बोलायची की मी तोंड फिरवून हसायची. मामाजी हसत नसत. खोडायचे, पुन्हा मारायचे. "चुकलं की ही लगेच सांगते," ते म्हणाले. "आमच्या साहेबांपेक्षा बरी आहे." रविवारी मी नागपूरला परतले तेव्हा त्यांचं अर्धं पानही झालं नव्हतं. नंतर फोनवर विचारलं की म्हणायचे, "चाललंय." एके दिवशी त्यांनी फोन उचलला आणि काही न बोलता लॅपटॉपजवळ धरला. मशीनची बाई सुरेख, स्पष्ट वाचत होती. आईचं सारं काम.

ते काम कौसल्याबाईने पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मामाजींनी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि सुरू केला. कौसल्याबाई मान एका बाजूला करून ऐकत राहिली. आई मुलाला शेवटचं भेटते तो प्रवेश आला, संपला, मशीन त्याच एका सुरात पुढे गेलं.

"बाबू," ती म्हणाली, "ही बाई कोठीच रडत नाही का जी?"

"नाही. तिला नाही येत."

"बरं हाय. रडाचं माह्यं मी पाहून घेतो."

मामाजी भिंतीला टेकून बसले होते. मशीन वाचत होतं आणि त्यांना थांबावं लागत नव्हतं. मी त्यांना इतकं शांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या हंगामात आरमोरीजवळच्या एका गावात मी ते नाटक पाहिलं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कौसल्याबाई विंगेतून आली, माइकसमोर जिथे उभं राहायचं तिथेच उभी राहिली, आणि तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा माझ्या शेजारची बाई कडेवरच्या लेकराला थोपटायचं विसरली. मामाजी पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून बसले होते. तिचे शब्द त्यांच्या ओठांवर हलत होते.

आणखी एक हंगाम गेला. त्याच्या पुढच्या भाद्रपदात दम्याचा जोर झाला आणि मामाजी दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

तेरवी झाल्यावर प्रफुल्ल घर आवरायला थांबला. कपाटं, भांडी, मामीच्या साड्या, सगळं दोन दिवसांत झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं, "ताई, बाबांचा नवा लॅपटॉप दिसत नाही कुठे. त्यात त्यांचे फोटो असतील."

मी म्हटलं, "चल, दाखवते."

गिरणीमागच्या घराकडे वळलो तशी त्याची पावलं मंदावली. ते घर कोणाचं हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो काय समजून चालला आहे हेही मला दिसत होतं. दार लोटलेलं होतं. आत बाईचा सपाट आवाज एकसुरात काहीतरी वाचत होता. मी दार ढकललं. कौसल्याबाई जमिनीवर बसली होती, समोर लॅपटॉप. पडदा काळा होता. ती बघत नसेल तर पडदा कशाला जाळायचा, म्हणून मामाजींनी तो पार विझवून ठेवला होता.

"कोण हाय?" तिने विचारलं.

"चारू. आणि प्रफुल्ल आलाय."

ती धडपडत उठू लागली. हात भिंत शोधत होता. प्रफुल्लने ते पाहिलं, आणि त्याला समजलं. मशीन वाचतच होतं. तो दारातच उभा राहून ऐकत राहिला.

"हे बाबांनी टाइप केलंय?" त्याने मला हळूच विचारलं.

"सगळं."

"बोटं बसलेली होती त्यांची जुन्यावर. नव्याचं शिकले?"

"शिकले."

"तू घेऊन जा बाबा तो," कौसल्याबाई म्हणाली. "तुह्या वडिलांचा हाय. मले आता त्याचं काही समजतही नाही. बाबू लावून देत, मी ऐको. परवा चाचपून कोणतं तरी बटन दाबलं, तवापासून हा एकच भाग वाचून राह्यला, पुढंच जात नाही."

प्रफुल्ल चप्पल काढून आत आला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"काकू, हात द्या," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला. त्याने तिचं बोट धरून कळांवर ठेवलं. "ही खालची सगळ्यात लांब कळ. लागली हाताला? हिच्या वर, मधोमध एका कळेवर बारीक उंचवटा आहे. हां, तोच. तिथून आता बोट वर न्या." मग तिचंच बोट धरून त्याने वाचन थांबवलं, पुन्हा सुरू केलं, पुढच्या भागावर नेलं. ती चुकली की पहिल्यापासून. दुपार झाली तरी दोघं बसलेलेच होते. मी चहा केला. निघताना त्याने चार्जर लावला, वायर पायात येणार नाही अशी कडेने नेली, आणि लॅपटॉप तिथेच ठेवून आम्ही बाहेर पडलो.

फोटोंचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. गिरणीपाशी मात्र थांबला.

"या हंगामात तिला काम आहे?"

"आहे म्हणते. दिवाळीनंतर तालीम."

"मग नक्कल कोण काढणार?"

मी म्हटलं, बघू. माझा मराठी टाइपिंगचा वेग त्यालाही ठाऊक होता. तो दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला.

कंपनीकडून कौसल्याबाईच्या हाती संहिता आली ती मी पानापानाचे फोटो काढून प्रफुल्लला पाठवली, नुसती बघायला म्हणून. महिनाभर त्याने काहीच कळवलं नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला, सगळे फराळाला बसलेले असताना, माझ्या मेलवर एक फाइल आली. मी ती पेन ड्राइव्हमध्ये घातली आणि वडशाची गाडी पकडली.

त्या हंगामापासून कौसल्याबाईची नक्कल पुण्याहून येऊ लागली.